जास्वंदीखालचा कॉक

मुकुटबन
१८ नोव्हेंबर २०२४

चि. ताना,

आशीर्वाद नेहमीचेच समज, जागा वाचवतो.

तुझं पत्र मिळालं. त्यातला बहुतेक भाग शेजारच्या रामीबाईच्या बकरीवर आहे आणि माझ्या घरावर एकच ओळ: 'घर जागेवर आहे.' मी आयुष्यभर मुलांचे निबंध तपासले. हेडमास्तर होऊन रिटायर झालो. पण विषय सोडून इतकं मन लावून लिहिणारं कोणी भेटलं नव्हतं.

फोन कर, असं आमची सुरभी म्हणते. पण फोनवर मला तुझं हसणं तेवढं ऐकू येतं, बाकी सगळी खरखर. कानातलं मशीन घातलं की खरखर मोठ्याने ऐकू येते, इतकाच फरक. तेव्हा लिहीत जा. विषयाला धरून.

सुरभी शाळेत शिकवायला गेली की नातीच्या मागे तुझी वहिनी आणि वहिनीच्या मागे मी, असा आमचा दिवस जातो. उन्हाळ्यापर्यंत दारव्ह्याला येणं होत नाही. त्यामुळे घर तुझ्या भरवशावर आहे, आणि कापूसही. पहिल्या वेच्याचा सगळा माल जीवनने मधल्या खोलीत आणून टाकला आहे. शेत तो कसतो, पण काळजी मलाच करावी लागते. भाव बरा येईपर्यंत माल तिथेच राहील. त्या खोलीला खिडकी नाही, म्हणून धूळ नाही, ओल नाही.

आता मुख्य मुद्दा. जावईबापू गेले, महागावचं घर पुतण्यांकडे गेलं, तू दारव्ह्याला आलीस. मला बरंच वाटलं. पण कपिल नागपूरहून सारखा म्हणतो, "मामा, आईला एकटं राहणं झेपणार नाही, मी तिला फ्लॅटवर नेतो." मी त्याला सांगितलं आहे, संक्रांतीपर्यंत थांब. तू घर कसं सांभाळतेस ते पाहून मी कळवीन.

म्हणजे ही सहामाही परीक्षा आहे असं धरून चाल.

तुझा
रामराव

---

दारव्हा
२७ नोव्हेंबर

भाऊ,

नमस्कार. पत्र कोरडं आहे हे हात लावून पाहा आणि समाधान मान.

विषयाला धरून लिहिते. घर जागेवर आहे. भिंती, छप्पर, दार, सगळं मोजून घेतलं. कापूस सुखात आहे, सध्या हवा खातो आहे. मी सुखात आहे. रामीबाईच्या बकरीबद्दल विचारू नको, कारण विचारलंस तर मला विषय सोडावा लागेल.

कपिलला इतक्यात काही कळवू नको. मुलगा चांगला आहे. त्याच्या फ्लॅटमध्ये एसी आहे, लिफ्ट आहे, आणि मी गॅलरीत उभी राहिले की "आई, ऊन लागेल" म्हणणारी सूनही आहे. मागच्या खेपेला राहिले तेव्हा दिवसभर माझ्याशी बोलणारं एकच कोणी होतं, ते म्हणजे लिफ्ट. 'कृपया दरवाजा बंद करा.' तेवढंच.

एक गोष्ट सहज विचारते, सामान्य ज्ञान म्हणून. आपल्या घरात पाण्याचा मेन कॉक कुठे आहे?

ताना

---

मुकुटबन
३ डिसेंबर

चि. ताना,

तुझा प्रश्न वाचून आनंद झाला. बायामाणसांना घराची भांडी पाठ असतात, पण घराच्या नसा माहीत नसतात, असं मी नेहमी म्हणत आलो. (वहिनी हे वाचून आत्ता काहीतरी म्हणाली. सुदैवाने ऐकू आलं नाही.) तुला उशिरा का होईना जिज्ञासा झाली.

मेन कॉक फाटकाच्या उजव्या हाताला, जास्वंदीखाली, चौकोनी फरशीच्या झाकणाखाली आहे. पाइप फुटला तर घरमालकाने काय करायचं, तेही ओघात सांगतो. उद्या वेळ आली तर उपयोगी पडेल. प्रथम घाबरायचं नाही. लगेच मेन कॉक बंद करायचा. कुठून गळतं, कशाने गळतं याची चौकशी मागून, आधी पाणी थांबवायचं. मग विजेचा मेन स्विच पाडायचा, पण हात कोरडे आणि पायाखालची जमीन कोरडी असेल तरच. नाहीतर बोर्डाकडे फिरकायचंसुद्धा नाही, लाइनमनला बोलवायचं. गीझर चालू असेल तर तो या मेन स्विचबरोबर जातोच. त्यानंतर घरातला सगळ्यांत खालचा नळ सोडून पाइपात उरलेलं पाणी काढून टाकायचं. सामान उंचावर न्यायचं, भिजलेलं वेगळं करायचं. प्लंबरने जोड दिला की लगेच प्लास्टर मारू द्यायचं नाही. पाणी सोडून पुरता दिवस नजर ठेवायची. आणि भिजलेली भिंत वाळेपर्यंत त्या भिंतीवरचं एकही बटण दाबायचं नाही.

हा मजकूर मी मोठ्या अक्षरात लिहून इथे सुरभीच्या मोरीतही चिकटवला आहे. तू तुझ्याकडे चिकटव.

कपिलला लिहिणार आहे की तुझी आई आता घरात लक्ष घालू लागली आहे.

रामराव

ता. क. पत्र बंद करताना लक्षात आलं. त्या खोलीला खिडकी नाही. मग कापूस हवा कुठून खातो?

---

दारव्हा
१० डिसेंबर

भाऊ,

पकडलंस. हेडमास्तर तो हेडमास्तरच.

मागचं पत्र लिहिलं तेव्हा मी ओल्या घरात एकमेव कोरड्या स्टुलावर बसले होते. पाइप आधीच फुटून गेला होता. तुझ्या सूचना उत्तम आहेत. त्या आल्या तेव्हा भिंत निम्मी वाळली होती.

झालं असं. बाजाराचा दिवस. आपल्या लेआउटच्या टाकीचं पाणी कधी येईल हे टाकीलाही माहीत नसतं, हे तू जाणतोस. मारोती चावी फिरवतो तेव्हा येतं. म्हणून इथे कोणी नळ बंद करत नाही. नळ उघडा टाकायचा, खाली बादली लावायची आणि कान तिकडे ठेवून कामाला लागायचं. आधी नळ फुसफुसतो, मग खोकतो, मग पाणी. तर मी पोळ्या लाटत होते आणि न्हाणीकडून आवाज आला. फुसफुस नाही, खोकला नाही, एकदम धो-धो. मी म्हटलं, आज मारोतीने सढळ हाताने सोडलं.

जाऊन पाहते तर न्हाणीच्या भिंतीतला तुझा जुना लोखंडी पाइप वाकणावर फुटलेला, आणि पाण्याची कमान थेट बोळीत. आता खरं सांगते. तुझ्या सूचनेत 'प्रथम घाबरायचं नाही' आहे ना? मी नाहीच घाबरले. मला आनंद झाला! एवढ्या जोराचं पाणी या घरात मी पाहिलं नव्हतं. मी कमानीखाली बादली लावली. ती भरली, घमेलं लावलं. मग पिंप. मग रामीबाईला हाक मारली, "या वो, पानी लय जोरात आलं!"

रामीबाई आली ती दोन हंडे घेऊन. तिची सून बबिता आली. मग पलीकडची, मग तिच्या पलीकडची. बोळीत रांग लागली. ज्या घरात दिवाळीला कोणी आलं नाही, त्या घरात अख्खी गल्ली पदर खोचून उभी. कोणालाही वाटलं नाही की पाइप फुटला आहे तर तो बंद करावा. वाटलं ते एवढंच, की पाणी वाया जाऊ नये.

आणि कमानीतलं जे पाणी कोणाच्याच हंड्यात मावत नव्हतं, ते शांतपणे मधल्या खोलीच्या उंबऱ्याकडे निघालं होतं.

ते आधी पाहिलं रामीबाईने. म्हणाली, "तानाबाई, त्या खोलीत काय हाय वो?"

मी म्हटलं, "भावाचा कापूस."

"आन् तू हंडे भरून राह्यली?"

तेव्हा घाबरले, भाऊ. पाणी पाहून नाही, संक्रांत आठवून. डोळ्यांपुढे लिफ्ट आली.

पुढच्या दारापाशी जमीन कोरडी होती. हात पुसले, मेन स्विच पाडला. तेवढ्या एका गोष्टीचे मार्क दे. मग कॉक शोधायला फाटकाकडे धावले. जास्वंदीखाली आहे हे बबिताने सांगितलं. तुझं पत्र यायला अजून दहा-बारा दिवस होते. झाकण उचललं, कॉक धरला, फिरवला. फिरला. म्हणजे नुसता वरचा दांडा फिरला आणि माझ्या हातात आला. जो कॉक बसवल्यापासून कोणी कधी बंद केला नाही, तो माझ्यासाठी काहून बंद होईल?

मग मारोतीला शोधायला माणूस बाजारात पिटाळला. तो चहा अर्धवट टाकून आला, पण टाकी बंद करायला तयार होईना. "बाई, आता बंद केलं तं वरच्या गल्लीवाले मले सोडतीन का?" त्यात आपल्याच गल्लीतली एक ओरडली, "थांब रे मारोती, माहा ड्रम अर्धाच भरला!" शेवटी रामीबाईने त्याच्या हातातली चावी घेतली आणि स्वतः टाकीकडे निघाली. तेव्हा तो मागे पळाला. इकडे तोवर बबिताने सायकलची जुनी ट्यूब पाइपावर करकचून आवळली होती, त्याने कमान बसली आणि कारंजं राहिलं.

तोवर आत काय चाललं होतं ते सांगते. ज्या बाया हंडे घेऊन आल्या होत्या, त्यांनी हंडे ठेवले आणि चादरी आणल्या. तुझ्या कापसाची गाठोडी बांधली, डोक्यावर घेतली आणि ज्या दारांतून पाणी गेलं त्याच दारांतून कापूस गेला. उंबऱ्याजवळचा थोडा थर भिजला, तो वेगळा काढून रामीबाईच्या गच्चीवर पसरला. बाकीचा कोरडा आहे.

म्हणजे कापूस हवा खातो आहे हे खोटं नाही. फक्त तो गल्लीत फिरून खातो आहे. थोडा रामीबाईकडे, थोडा बबिताच्या माडीवर, बाकी अजून चार-पाच घरी.

आता तू कपिलला काय लिहायचं ते लिही.

ताना

---

मुकुटबन
१६ डिसेंबर

ताना,

तुझं पत्र वाचलं. पुन्हा वाचलं. मग वहिनीकडून मोठ्याने वाचून घेतलं, म्हटलं आपलंच काही चुकत असेल.

माझं घर फुटलं आणि तू त्याखाली बादली लावलीस! आणि वर गल्लीला आमंत्रण!

आणि कापूस? खुला कापूस, न मोजता, न वजन करता, चादरीत बांधून लोकांच्या घरी? कोणाच्या चादरीत किती, कोणाला माहीत? उद्या निम्मा परत आला तर कोणाला काय विचारशील? लोक वाईट असतात असं मी म्हणत नाही. पण कापूस पांढरा असतो आणि सगळ्यांचा सारखा दिसतो, एवढंच म्हणतो.

आणि लपवलंस कायले? कॉक कुठे आहे म्हणून सहज विचारते म्हणे! मी इथे खूश होऊन मोरीत कागद चिकटवून राह्यलो!

मी कपिलला लिहिलं आहे. संक्रांतीला तो गाडी घेऊन येईल. बॅग भरून ठेव.

रामराव

---

दारव्हा
२६ डिसेंबर

भाऊ,

बॅग काढली. धूळ झटकली. परत ठेवली. कपिल येईपर्यंत वेळ आहे, तोवर उरलेली हकीकत ऐक.

तुझ्या मोरीतल्या कागदाप्रमाणे सगळं केलं. संघदीप नावाचा प्लंबर आला. त्याने पाइपाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "मावशी, हा पाइप रिटायर झाला." मी म्हटलं, त्याचा मालकही झाला, पण दोघांपैकी कोणी कबूल करत नाही. भिंतीतला सगळा लोखंडी पाइप काढला, प्लास्टिकचा टाकला. पाणी सोडून दिवसभर मी समोर बसून होते, रामीबाई सोबतीला. दोन बाया पाइपाकडे टक लावून बसलेल्या पाहून मारोती विचारून गेला, की आत टीव्ही आहे का. एक थेंब आला नाही. मगच प्लास्टर केलं. भिंतीवरचं बटण अजून दाबलेलं नाही, न्हाणीत बॅटरी घेऊन जाते.

आता कापूस.

खोली वाळली तसा मी निरोप दिला. सगळ्या एकाच दुपारी आल्या, डोक्यावर गाठोडी. मी उंबऱ्यात उभी होते आणि तुझं पत्र आदल्याच दिवशी आलं होतं. मनात पाप नव्हतं, पण तुझी अक्षरं होती. म्हणून पहिलं गाठोडं सोडलं तेव्हा जरा जास्तच लक्ष देऊन पाहिलं.

भाऊ, तो कापूस तू ओळखला नसतास. जीवनने टाकला तेव्हा त्यात काड्या होत्या, वाळली पानं होती, किडक्या बोंडांतली पिवळी कवडी होती. आता एक काडी नाही. मी म्हटलं, हा आपला नव्हेच. रामीबाईला राग आला. "तुहाच हाय वो. घरात येऊन पडला, तं संध्याकाळी बसून निवडला. कापूस समोर पडला आन् त्यात कचरा दिसून राह्यला, तं हात गप बसते का?" दुसरं गाठोडं तसंच. तिसरं तसंच. ठरवून नाही, कोणी कोणाला सांगितलंही नाही. ज्या बायांचं अर्धं आयुष्य वेचणीत गेलं, त्यांच्या घरात तुझा कापूस ठेवला, त्या आणखी काय करणार?

बबिताच्या गाठोड्यात मात्र भर पडली होती. तिच्या पोराची एक चड्डी निघाली. ती मी परत दिली. चोख हिशेब.

जीवन पाहून गेला. ढिगात हात घातला आणि विचारलं, "आत्या, हा कोनत्या वावरातला?"

तर निकाल असा. घर जागेवर आहे. कापूस जागेवर आहे, पूर्वीपेक्षा देखणा. आणि मी तुला खोटं लिहिलं, तेही खरं. कायले, विचारतोस? कारण मला इथे राहायचं आहे. एवढंच. कपिलच्या फ्लॅटमध्ये पाइप फुटला तर वॉचमनला बटण दाबून कळवायचं असतं, तो येऊन दुरुस्त करून जातो आणि शेजारच्या दाराला पत्ताही लागत नाही. ते सोयीचं आहे, मी नाही म्हणत नाही. पण इथे मला हाक मारावी लागली आणि हाक मारल्यावर बाया आल्या. हंडे घेऊन आल्या हे खरं. पण आल्या.

फाटकाजवळचा तो कॉकही बदलला. जास्वंदीखाली कमरेत वाकून बसावं लागतं, तुझ्या वयाला आणि माझ्या गुडघ्याला ते जमणार नाही. संघदीपला सांगून नवा कॉक दुसरीकडे बसवून घेतला, हात नेला की लागेल असा. दर आठवड्याला एकदा बंद करते आणि उघडते, म्हणजे तो जिवंत राहतो.

बॅग कॉटखाली आहे. तू सांगशील तसं.

ताना

---

मुकुटबन
८ जानेवारी २०२५

चि. ताना,

आशीर्वाद. या खेपेला जागा न वाचवता देतो.

सुरभी शाळेत, वहिनी नातीला डोस द्यायला दवाखान्यात, आणि मी घरी एकटा. मोरीतला पाइप निसटला. बरोबर त्या कागदाच्या वर, ज्यावर मी सूचना लिहून चिकटवल्या होत्या. पहिल्या फवाऱ्यातच 'प्रथम घाबरायचं नाही' ही ओळ वाहून गेली.

मी काय केलं ते लिहितो, हसू नको. मी अंगठा लावला. अंगठा लावून उभा राहिलो, कारण अंगठा काढला की पाणी आणि अंगठा न काढता कॉकपर्यंत जाता येत नाही. चष्मा भिजला, मशीन भिजलं. "कोणी आहे का" म्हणून ओरडलो. इतके महिने इथे आहे, पण शेजारी मला 'मॅडमचे वडील' म्हणून ओळखतात, तेही दुरून, कारण त्यांच्यापैकी एकाच्या बागेतल्या पाटीवरची शुद्धलेखनाची चूक मी आल्या आल्या दाखवून दिली होती. कोणी आलं नाही.

मग तोंडातून काय निघालं माहीत आहे? "पाणी घ्या वो! पाणी जोरात आलंय!"

दारं उघडली, ताना. एक हंडा आला, मग दुसरा. एक म्हातारी तेलुगूत काहीतरी म्हणाली. मला कळलं नाही, तिची घागर पाहून कळलं. ज्यांना पाटीची चूक दाखवली होती ते गृहस्थ आले, त्यांनी सरळ मागे जाऊन कॉक बंद केला आणि माझ्या कानाशी येऊन ओरडले, "मास्तर, अंगठा काढा आता." तरीही मी काही वेळ तो काढला नाही. विश्वास बसत नव्हता.

तेव्हापासून ते संध्याकाळी येतात. चहा होतो. त्यांनी पाटी सुधारली आहे, नवी चूक करून. मी काही बोललो नाही. वहिनी म्हणते, पाइप आधीच फुटायला हवा होता.

कपिलला फोन केला. म्हणजे सुरभीने केला, मी शेजारी बसून सांगितलं. "तुझी आई येणार नाही. संक्रांतीला तूच ये, तिळगूळ खा आणि एकटा परत जा. गाडीत जागा रिकामी राहिली तर थोडी तूर ने." तो म्हणाला, "मामा, तिला एकटीला जमेल ना?" मी म्हटलं, ती तिथे एकटी असती तर माझा कापूस भिजला असता.

उन्हाळ्यात आम्ही येऊ, चार दिवस पाहुणे म्हणून. मधल्या खोलीत झोपायची सोय कर, तोवर कापूस गेलेला असेल. न्हाणीतलं बटण तेवढं दाबण्याजोगं ठेव.

आणि हो, एक राहिलं. कॉक दुसरीकडे बसवलास असं लिहिलंस. नेमका कुठे?

रामराव

---

दारव्हा
१५ जानेवारी

भाऊ,

तिळगूळ याच पाकिटात आहे. पोस्टात चुरा झाला असेल तर चमच्याने खा. वहिनीला अर्धा दे.

कपिल आला होता. तू सांगूनही बॅग उचलायला कॉटखाली वाकला, रिकामी लागली, तर माझ्याकडे पाहून हसला. रामीबाईने त्याला जेवायला बसवलं, बबिताने तुरीची थैली गाडीत टाकली. निघताना म्हणाला, "आई, इथे तुझ्याशी बोलायला मला नंबर लावावा लागतो."

या सगळे उन्हाळ्यात. खोली झाडून ठेवते. न्हाणीतलं बटण दाबून पाहिलं, दिवा लागला.

कॉक कुठे आहे ते मात्र विचारू नको. पाहुण्यांनी आरामात राहावं. घरात राहणारीला माहीत आहे.

ताना